वर्षभराने किती महाग होईल?

सगळ्यात आधी आमच्या सुपरवायझर ताईंचं लिहिते, मग काय झालं ते. त्या नसत्या तर मी आज नागपुरात नसते. त्यांचं नाव मात्र लिहीत नाही. मी विचारलं होतं, तर म्हणाल्या, "माह्यं नाव कायले लिहून राहिली वं? मी का मंत्री आहो?" म्हणून नुसत्या ताई. पन्नाशीच्या, उंच, आवाज मोठा. जन्म नागपूरचा, घर उत्तर नागपुरात. तोंडाला दुपट्टा गुंडाळून जुन्या स्कूटीवरून सगळं शहर फिरतात. माझ्यासारख्या दहा-बारा बायका त्यांच्या हाताखाली आहेत, आणि प्रत्येकीला वाटतं की ताई आपल्यावरच जास्त ओरडतात.

आमचं काम लोकांच्या दारात जाऊन पुढचं विचारायचं. सध्या महागाई किती वाटते, तीन महिन्यांनी किती वाटेल, वर्षभराने किती होईल. घरातल्या कुणाचं काम सुटेल असं वाटतं का. पगार वाढेल का. कर्जाचं व्याज चढेल की उतरेल. उत्तरं टॅबलेटमध्ये भरायची. धरमपेठेत कपड्यांच्या एका दुकानावर आमच्या ऑफिसच्या दोन खोल्या आहेत, तिथे आकडे पाहणारे एक सर बसतात. ते शहराशहरांतली उत्तरं जुळवतात, त्यात कारखान्यांचे, बँकांचे, पावसाचे आकडे मिळवतात आणि देशाचं पुढचं वर्ष कसं जाईल याचा अंदाज बांधतात. वाढ किती, नोकऱ्या किती, महागाई किती. तो अंदाज पुढे मोठ्या लोकांकडे जातो. मी नववी पास. माझ्या बोटाने दाबलेलं बटण तिथपर्यंत जातं, याची मला अजून धास्ती वाटते. रोज सकाळी निघताना मी टॅबलेटचं चार्जिंग पुन्हापुन्हा बघते.

माझं गाव कोकणाच्या अगदी खालच्या टोकाला, खाडीपाशी. दहावीच्या वर्षी आई आजारी पडली, रांधायला घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून शाळा सुटली. पुढे लग्न झालं. नवऱ्याला नागपूरला लागून असलेल्या हिंगण्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून मशीनवर काम लागलं आणि आम्ही इकडे आलो. हिंगणा रोडच्या आत एक खोली घेतली.

नवरा कंपनीच्या बसने जायचा. सुरुवातीला उभ्याने जावं लागायचं म्हणून कुरकुरायचा. मग एक दिवस घरी येऊन म्हणाला, "आज बसायला जागा गावली." मला बरं वाटलं. चहा टाकता टाकता मी म्हटलं, "झालं ना मनासारखं?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "खुळी आहेस काय गो? जागा गावली म्हणजे माणसं कमी झाली."

त्याच सुमाराला कोपऱ्यावरच्या टपरीतल्या टीव्हीवर सांगत होते की देशाची वाढ जोरात चालली आहे. चालली असेल. आमची दुसरी शिफ्ट तेवढी बंद झाली. ठेकेदाराने नवऱ्याला गुजरातेतल्या एका कारखान्यात धाडलं. थोडे महिने जा, मग बघू, म्हणाला. तिथे सगळ्यांनी एका हॉलमध्ये झोपायचं, बायको नेण्याची सोय नाही. मी गावी परत जाऊ शकले असते. आई तेच म्हणत होती. पण मी गेले असते तर खोली सोडावी लागली असती, आणि खोली सुटली की त्याने नागपुरात परत यावं असं काहीच राहिलं नसतं. इथे खोली आहे तोवर तो परत येणार, असं मी मनाशी धरलं होतं. खोली राखायची तर मला काम हवं होतं. शिवाय खोलीच्या मालकांनी वरचा मजला कर्जावर बांधलेला. व्याजदराची बातमी आली की ते जिन्यात उभे राहून म्हणायचे, "व्याज वाढून राहिलं बाई, माह्या हातात काय हाय?" भाडं वाढवायची ती प्रस्तावना असायची.

शेजारणीने ताईंचा नंबर दिला. त्यांनी मला ऑफिसच्या जिन्याखालीच बघितलं.

"किती शिकली?"

"नववी."

"मराठी वाचता येते ना? अन् अनोळखी माणसासंग बोलता येते?"

पहिलं येत होतं. दुसरं मला जन्मात आलं नव्हतं. मी हो म्हटलं.

"थरथरून राहिली वं तू," ताई म्हणाल्या. "चाल, पहिला दिवस माह्यासंग."

त्या दिवशी त्यांनी मला सगळं शिकवलं. दार उघडलं की आपण दोन पावलं मागे सरायचं, म्हणजे समोरची बाई घाबरत नाही. कार्ड हातात द्यायचं आणि त्यावरचे पर्याय वाचून दाखवायचे. उत्तर सुचवायचं नाही, चेहऱ्यानेसुद्धा नाही. कुणी पन्नास टक्के म्हणालं तरी भुवई वर जाता कामा नये. आणि आपलं स्वतःचं मत कधीच सांगायचं नाही.

हा शेवटचा नियम मला सोपा वाटला होता. पण लोक विचारतात. धरमपेठेतल्या एका रिटायर झालेल्या काकांनी मला बसवून, पाणी देऊन, व्याजदर आणि महागाईचं नातं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "आता तुमचा अंदाज सांगा." धंतोलीत पेशंटच्या नातेवाइकांना खोल्या भाड्याने देणारी एक बाई म्हणाली, "रोगी काही कमी होत नाहीत, तेवढं पक्कं लिहून घे. अन् तुले काय वाटते? तू तर साऱ्या शहरात फिरतं." मी हसून पुढच्या प्रश्नावर जायची. आईचा फोन आला की ती विचारायची, "जेवलंस काय गो?" तेवढ्या एका प्रश्नाला मला उत्तर द्यायची मोकळीक होती. रविवारी नवऱ्याचा फोन यायचा. बोलण्यासारखं थोडंच असायचं, म्हणून मी गमतीने विचारायची, "तीन महिन्यांनी काय वाटतं?" तो म्हणायचा, "सध्यासारखंच." तो आमच्या कार्डावरचा एक पर्यायच आहे. मग त्याच्याकडून कुणाच्या तरी घोरण्याचा आवाज यायचा.

वैशाखात मला हिंगणा रोडच्याच बाजूचं एक लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली वस्ती, मिळालं. घरं निवडायची आमची पद्धत ठरलेली आहे. नेमून दिलेल्या कोपऱ्यापासून निघायचं, उजव्या हाताने चालायचं आणि मधली घरं सोडत जायचं. शेजारशेजारची घरं घ्यायची नाहीत. त्या दुपारी दारामागून दार बंद निघालं. कूलरसुद्धा बंद, म्हणजे आत कुणी नाही. गल्लीच्या टोकाला एका अंगणावर हिरवी नेट ताणलेली दिसली आणि हसण्याचा आवाज आला. खाली गल्लीतल्या सगळ्या बायका बसून पापड लाटत होत्या.

"कोण हाय वं? आधार कार्डवाली काय?"

"नाही, महागाईचं विचारायला आले आहे."

"महागाईवाली! ये बाप्पा, तुहीच वाट पाहून राहिलो होतो. कमी कर आता थोडीशी."

मी म्हटलं, घरोघर जाऊन विचारावं लागतं. तर एक जाडशी बाई, तिचंच ते घर असावं, म्हणाली, "घरी कोण हाय? साऱ्या इथंच हाओत. उन्हात कायले भटकून राहिली? बस."

मी बसले. त्यांनी सरकून जागा केली. कुणीतरी उडदाची लाटी तेलात बुडवून माझ्या हातावर ठेवली. जिरं, हिंग, तिखट. आमच्याकडेही पापडाच्या दिवशी लाट्या अशाच खातात. इथे येऊन कित्येक महिने झाले होते, आणि इतक्या दिवसांत मी कुणाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले नव्हते. एकीने लाटणं माझ्या हातात दिलं. मी लाटता लाटता एकेकीला विचारू लागले, पापड खाली ठेवून टॅबलेटवर भरू लागले. हात पुसायला त्यांनी फडकंही दिलं.

पहिली म्हणाली, वर्षभराने दहा टक्के महाग होईल. दुसरी म्हणाली, "दहाच." तिसरीने डोकंही वर केलं नाही. "लिही दहा."

मग कामाचा प्रश्न आला. घरातल्या कमावत्या माणसाचं काम वर्षभर टिकेल असं वाटतं का? तोवर चाललेलं हसणं थांबलं. सगळ्यांचे नवरे हिंगण्याला जाणारे. जाड बाई म्हणाली, "राहीन." मग दुसरी म्हणाली, "राहीन." मग सगळ्याच म्हणाल्या. मला विचारावंसं वाटत होतं की कंपनीच्या बसमध्ये सध्या बसायला जागा मिळते का. पण तो प्रश्न आमच्या टॅबलेटमध्ये नाही, आणि विचारला असता तर माझा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं असतं. मी "राहील" भरलं आणि पुढचा पापड लाटायला घेतला.

उठताना ऊन उतरलं होतं. जाताना जाड बाई म्हणाली, "येत जा वं. महागाई नाही विचारली तरी ये."

दोन-तीन दिवसांनी ऑफिसात बोलावणं आलं. सर वयाने माझ्याएवढेच, बोलायला मऊ. त्या दिवशीही मऊच बोलले, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. आम्ही कुठे उभ्या राहून फॉर्म भरला ते टॅबलेट आपोआप नोंदवून ठेवतो. हे मला सांगितलेलं होतं, पण त्या अंगणात माझ्या ते ध्यानातच आलं नाही.

"या गल्लीतले सगळे फॉर्म एकाच जागेवर भरलेत," सर म्हणाले. "एकामागून एक. उत्तरंही सगळ्यांची तीच. आम्ही तपासायला फोन केले, तर दोघींनी सांगितलं की आमच्या घरी कोणी आलंच नव्हतं. मग मी काय समजू?"

त्यांनी काय समजायचं ते मला माहीत होतं. काही जणी उन्हाला कंटाळून झाडाखाली बसतात आणि मनानेच उत्तरं भरतात. तसं सापडलं की काम जातं, आणि दुसऱ्या एजन्सीवालेही मग उभं करत नाहीत. काम गेलं की खोली गेली. मला एकदम नवऱ्याचं गुजरातेतून येणारं ते "सध्यासारखंच" ऐकू आलं. मी बोलायला तोंड उघडलं आणि घाबरले की होतं तसं सगळं मालवणीत बाहेर आलं, तेही अर्धं. सरांना काही कळलं नाही. कोपऱ्यात बसलेल्या, माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोन बायकांनी माना खाली घातल्या.

ताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी तोंडावरचा दुपट्टा सोडला.

"सर, एक मिनिट. पोरगी भेकड हाय, पण लबाड नाही. एवढे खोटे फॉर्म भराले छाती लागते. हिले तर दाराची बेल वाजवाले घाम येते."

सरांनी हसू दाबलं. "ताई, परवा आकडे पुढे पाठवायचे आहेत."

"मग आजच पाहून येतो ना आम्ही. नाही म्हणाल्या थ्या बाया, तर मीच हिचं नाव खोडतो."

भर दुपारी मी त्यांच्या मागे स्कूटीवर बसले. वाटेत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, त्यांचाही विश्वास नाही, फक्त सगळ्यांसमोर बाजू घेतली. मी त्यांच्या पाठीमागे डोळे पुसत होते आणि ऊन इतकं होतं की पुसायच्या आधीच सुकत होतं.

हिरव्या नेटखाली आज कुणी नव्हतं. ताईंनी फाटकाची कडी वाजवली. जाड बाई बाहेर आली, आणि बघता बघता गल्ली गोळा झाली.

"फोन आला होता तुमाले? कोणी आलं होतं का म्हणून?" ताईंनी विचारलं.

"आला होता," एक बारीकशी बाई म्हणाली. "म्हटलं, नाही आलं. माह्या घरी कुठं आली होती थे? इथं आली होती. खोटं काहून बोलू?"

"मग इथं आली होती, हे नाही सांगाचं?"

"थ्यायनं विचारलंच नाही!"

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. आली होती, दुपारभर बसली होती, लाटी खाल्ली, महागाई विचारली. जाड बाई आत गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यातून तिने तीन पापड काढले. तिन्ही वाकडे, एका अंगाला जाड, एकाला फाटके.

"हे पाह्य. आमच्यातल्या कोणाच्या हातचा हाय असा पापड? हे हिचे. फेकले नाही, म्हटलं दूर कोकणातून आलेल्या पाहुणीचे हाय, ठेवू."

ताई इतक्या हसल्या की त्यांना फाटक धरावं लागलं. मग त्यांनी त्या तीन पापडांचा फोटो काढला, सरांना पाठवला आणि फोन लावून आवाज मोठा केला. सरांनी विचारलं, पण सगळ्यांचं उत्तर तेच कसं? जाड बाई फोनच्या जवळ तोंड नेऊन ओरडली, "दूधवाला एक, किराणावाला एक, पोरायची शाळा एक, अन् नवरे एकाच बसनं जातेत. उत्तर वेगळं कुठून आणू, सर?"

सर हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा ऐकलं. मग म्हणाले, फॉर्म खोटे नाहीत हे मान्य, पण ते वापरता येणार नाहीत. एकीचं ऐकून दुसरी बोलली की ती वेगवेगळी माणसं राहत नाहीत. "एवढ्या साऱ्या जणींना वेगळं धरलं, तर मलाच वाटेल की सगळं शहर असंच म्हणतंय."

"मंग आम्ही का शहरात नाही?"

"आहात ना. पण तुम्हा सगळ्यांना मिळून एकदाच मोजायला हवं, आणि तेही आता जमणार नाही."

"घ्या बाप्पा!" बारीक बाई म्हणाली. "एवढा जीव तोडून सांगितलं, अन् मोजलंच नाही."

सरांचं म्हणणं मला पटलं, पण त्या बायकांकडे बघून वाईट वाटलं.

फॉर्म रद्द झाले. त्यांच्या जागी दुसरी घरं परवापर्यंत हवी होती, नाहीतर माझं नाव पाहणीच्या पुढच्या फेरीत राहणार नव्हतं. एकटीने ते होण्यासारखं नव्हतं. ताई फोनवर म्हणाल्या, "मी हाओ तिच्यासंग." सुपरवायझरने असं फिरायचं नसतं. त्यांची स्वतःची कामं होती, ती त्यांनी पहाटे उठून केली आणि मग माझ्याबरोबर आल्या.

ते दोन दिवस आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. मुलाखत चालू असताना आत तिसरं माणूस नको, म्हणून ताई फाटकाबाहेर थांबायच्या, मिळेल तिथे भिंतीच्या सावलीला. त्यांचे गुडघे दुखतात. पायऱ्या उतरताना त्या कठडा धरून आधी एक पाय, मग दुसरा, असं उतरतात. हे माझ्या ध्यानात त्या दोन दिवसांत आलं. एका घरातल्या बाईने खिडकीतून बघून विचारलं, "बाहेर उन्हात ती कोण उभी आहे?" मी म्हटलं, "माझी ताई." ऑफिसातली म्हणायचं होतं, पण तसंच निघालं.

दुसऱ्या दिवशी उसाच्या रसाच्या गाडीपाशी टेकलो तेव्हा त्यांनी विचारलं, "नियम तर पाठ होता तुले. काहून बसली होती वं त्या अंगणात?"

मी बरीच कारणं शोधली. ऊन होतं, दारं बंद होती. मग खरं तेच सांगितलं. "बरं वाटलं."

ताईंनी रसाचा ग्लास संपवला. "हाव, वाटते," एवढंच म्हणाल्या. मग पैसे देता देता, माझ्याकडे न बघता, "रविवारी घरी येत जा. भाजी-भाकर राहते. बोलाचं नसलं तर नको बोलू."

घरं पूर्ण झाली. काम राहिलं, खोलीही राहिली. काही दिवसांनी मालकांनी जिन्यात उभं राहून पेपरातला अंदाज मला वाचून दाखवला. वाढ बरी राहील, महागाई जराशी चढेल, व्याज आहे तिथेच. ते खुशीत होते. मी ऐकत होते आणि मला हिरव्या नेटखालच्या बायका दिसत होत्या. त्या या अंदाजात नाहीत. मीही नाही. विचारणाऱ्या बाईच्या घरी जायचं नाही असा नियमच आहे. त्या गल्लीत मी नंतर दोनदा गेले, टॅबलेट न घेता. दुसऱ्या वेळी जाड बाईने स्वतःहून सांगितलं की आजकाल तिच्या नवऱ्याला बसमध्ये खिडकीची जागा मिळते. ती खुशीने सांगत होती. मी म्हटलं, चांगलं झालं, आणि लवकर निघाले.

नवरा अजून गुजरातेतच आहे. रविवारी सकाळी त्याचा फोन होतो आणि मग मी ताईंकडे जाते. कधी बोलतो, कधी नुसत्या कूलरपुढे बसतो. परवा कळलं, धंतोलीतल्या डॉक्टरांनी त्यांना दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करा म्हणून केव्हाच सांगितलं आहे. ही फेरी होऊ दे, पुढची होऊ दे, करत त्या ढकलत आल्या आहेत. एकुलता एक मुलगा पुण्याला, त्याला इतकी सुट्टी मिळत नाही. मी विचारलं, "मग दवाखान्यात तुमच्याजवळ कोण राहील?" म्हणाल्या, "पाहू ना. नर्सा असतेत." आणि भाकरी उलटायला वळल्या. त्यांच्या पाठीकडे बघून मला कळलं की त्या ऑपरेशन का ढकलताहेत.

ताई, तुम्ही मला एवढं दिलंत, त्याची भरपाई मी आज करू शकत नाही. पण तुम्ही दवाखान्यात जाल त्या दिवशी मी तिथे असेन. गावी असले तर गावाहून येईन, गुजरातेत गेले असले तर तिथून येईन. तुम्ही पहिल्यांदा पाय खाली टेकाल तेव्हा तुमचा हात माझ्या खांद्यावर असेल, आणि तुम्ही धड चालायला लागेपर्यंत मी हलणार नाही. तेव्हा फेरी चालू असली तर ती सोडेन. सरांना मी ते कालच सांगून ठेवलं आहे.